डेम्पोला किती हंगाम द्यायचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खान्देशात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. आपल्याकडे संध्याकाळी मोकळ्या जागेवर पोरं दिसली की त्यांच्या हातात बॅट असणार, हे न पाहताही सांगता येतं. माझी फुटबॉलशी ओळख झाली ती भुसावळला. वडील रेल्वेत होते आणि ड्यूटी नसली की मला मैदानावर घेऊन जायचे. तिथे रेल्वेची माणसं अनवाणी पायांनी चेंडू मारत. पुढे कवितेच्या नादात हा खेळ सुटला. तो पुन्हा भेटला थेट गोव्यात, 2024 च्या डिसेंबरात.

माझा भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि मडगावात राहतो. त्याचा मुलगा तिथेच वाढला. घरात उर्दू, गल्लीत कोंकणी, आणि जळगावहून आजीचा फोन आला की मोडकीतोडकी अहिराणी. पोरगा चौदा वर्षांचा, दिवसभर चेंडूच्या मागे. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही या आणि याला समजवा. हा शाळा सोडून फुटबॉलच खेळणार म्हणतो." म्हणून भुसावळहून गोवा एक्स्प्रेस धरली. समजवायला गेलो होतो, पण पहिले दोन दिवस ऐकतच बसलो.

कारण त्या दिवसांत तिथे चहाच्या गाड्यावर एकच वाद चालू होता. डेम्पोचा संघ नऊ वर्षांनंतर पुन्हा देशपातळीवरच्या आय-लीगमध्ये आला होता. त्याला उभं राहायला किती हंगाम लागतील, यावर तिघे जण रोज भांडत. एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, एक सायकलवरून पाव विकणारा पोदेर, आणि एक मोटारसायकलवर सवाऱ्या नेणारा तरुण, ज्याला गोव्यात 'पायलट' म्हणतात. कोंकणी मला निम्मीच कळत होती, पण चाहत्यांचं भांडण कळायला भाषा फारशी लागत नाही.

पायलटचं म्हणणं सरळ होतं. दोन-तीन चांगले परदेशी खेळाडू आणा, पुढच्याच वर्षी विजेतेपद. पोदेर म्हणे, हरलो तरी चालेल, पण पोरं आपल्या वाड्यावरची खेळली पाहिजेत. टपालवाले काका दोघांचं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "आधी दोन वर्षं वर टिकून दाखवा, मग बोला."

हा वाद समजायला मागचं थोडं सांगावं लागेल. डेम्पो हा गोव्यातल्या उद्योगसमूहाचा क्लब. 2004-05 मध्ये त्याने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली, 2006-07 मध्ये पुन्हा. तिचं आय-लीग असं नामकरण झालं तेव्हा 2007-08 चा पहिलाच हंगाम डेम्पोने घेतला, मग 2009-10 आणि 2011-12. आठ हंगामांत पाच विजेतेपदं, आणि पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. 2008 मध्ये हा संघ आशियाई महासंघाच्या चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

पण पहिल्या विजेतेपदाची सुरुवात मातमाने झाली. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, मोहन बागानशी. डेम्पोच्या ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियरने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो मैदानावरच कोसळला आणि गेला. डेम्पो दोन-शून्यने जिंकला होता. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा शर्ट पुन्हा कुणाला दिला नाही. टपालवाले काका हे सांगताना थांबले, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, त्या वर्षी आम्ही लीग जिंकू असं कुणाला वाटलं नव्हतं.

ती लीग जिंकली कशी? संघातला सर्वांत मोठा माणूस गेला, पण बाकीचा संघ जागेवर होता. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही नावं डेम्पोच्या यादीत वर्षानुवर्षं दिसत. फुटबॉलमध्ये संघाचा कणा म्हणून एक गोष्ट असते. गोलरक्षक, त्याच्या पुढचा मधला बचावपटू, मधल्या फळीत चेंडू वाटणारा आणि अगदी पुढे गोल करणारा. हे चौघे एकमेकांना न पाहता ओळखायला लागले की संघ तयार झाला समजा. आणि ती ओळख पैसे देऊन विकत मिळत नाही, एकत्र खेळूनच होते. पायलटच्या युक्तिवादात हीच खोट होती. परदेशी आघाडीपटू गोल करील, पण तो एका हंगामाच्या करारावर आलेला असतो. तो गेला की पुढच्या वर्षी पाटी कोरी.

याचा दाखलाही डेम्पोच्याच इतिहासात आहे. नायजेरियाच्या रांती मार्टिन्सने 2011-12 मध्ये एकट्याने बत्तीस गोल केले. तो हंगाम संपला, रांती कोलकात्याच्या क्लबात गेला. पुढे कुलासोही गेले. आणि 2015 मध्ये पाच वेळचा विजेता खालच्या गटात घसरला. अर्थात एका माणसामुळे संघ बुडाला असं मी म्हणणार नाही. कणाच हळूहळू म्हातारा झाला होता आणि इकडे 2014 पासून सुरू झालेल्या सुपर लीगकडे पैसा व खेळाडू दोन्ही वळले होते.

लगेच 2015-16 मध्ये डेम्पोने दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून परतीची जागा मिळवली. पण तेवढ्यात महासंघाने सुपर लीगलाच देशातली मुख्य लीग करायचा आराखडा मांडला. मैदानावर कितीही जिंकलं तरी वरच्या पायरीवर जाता येणार नाही, मग खेळायचं कशासाठी? या प्रश्नावर साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो, तिघेही 2016 मध्ये बाहेर पडले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. महिंद्र युनायटेड, 2005-06 चा राष्ट्रीय विजेता, 2010 मध्ये बंद झाला. 1962 पासूनची परंपरा एका निर्णयात संपली. पुणे एफसी 2012-13 मध्ये देशात दुसरा आला होता, तोही 2015 मध्ये मिटला. त्याच शहरातला भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेला. या संघांचेही चाहते होते. त्यांना पुढच्या हंगामावर वाद घालायची सोयच उरली नाही.

डेम्पोने मात्र पूर्ण दार लावलं नाही. मोठा संघ मिटला, पण जुन्या गोव्याजवळच्या एला इथली अकादमी चालू ठेवली आणि गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये पोरं खेळवत राहिले. आपल्या रावेर-यावलच्या माणसाला हे चटकन कळेल. केळीचा घड निसवला की बुंध्याशी एक जोमदार पील ठेवायचं, बाकीची कापायची. पहिलं पीक काढून झालं की त्याच मुळांवर पिलबाग उभी राहते आणि नव्या लागवडीपेक्षा लवकर येते. महिंद्र युनायटेडचं खोड मुळासकट उपटलं गेलं. डेम्पोचं एक पील राहिलं होतं. 2023-24 मध्ये दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून हा संघ वर आला, तेव्हा प्रशिक्षक होता समीर नाईक, तोच जुना बचावपटू. पोदेरची बाजू मला इथे पटू लागली.

पण पिलबागेलाही वारा लागतोच. खालच्या श्रेणीतून वर आलेल्या संघाचं पहिलं वर्ष का जड जातं? खाली चेंडू अडवायला एखादा क्षण जास्त मिळतो, वर तो मिळत नाही. तरुण पाय सत्तर मिनिटं पुरतात, गोल होतात शेवटच्या वीस मिनिटांत. शिवाय प्रवास. त्या हंगामात आय-लीगमध्ये बारा संघ होते. गोव्याच्या उकाड्यातून निघायचं आणि श्रीनगरच्या थंडीत खेळायचं, मग शिलाँग, मग ऐझॉलचे डोंगर. मोठ्या क्लबांकडे प्रत्येक जागेला दोन-दोन तयार खेळाडू असतात. इथे एकाचा गुडघा दुखावला की अकादमीतल्या अठरा वर्षांच्या पोराला उभं करावं लागतं.

निकाल काकांच्या बाजूने लागला म्हणायचा. दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन डेम्पोबरोबरच वर चढलेला बंगळूरचा संघ त्याच हंगामात पुन्हा खाली गेला. डेम्पो टिकला. टिकणं ही बातमी होत नाही, म्हणून वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला नाही.

आता खरी अडचण. चाहते दोन हंगाम, तीन हंगाम असं मोजत होते, ते हंगाम होतील असं धरून. आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती 2023 पासून मिळू लागली होती, पंजाब आणि मोहमेडन त्या वाटेने वर गेले. म्हणजे 2016 मध्ये नसलेली पायरी आता होती. पण 2010 मध्ये महासंघाने एका कंपनीशी सातशे कोटींचा पंधरा वर्षांचा करार केला होता. तो संपत आला आणि पुढचं ठरेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2025-26 चा सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. शेतकऱ्याने बाग राखावी आणि बाजार समितीच बंद व्हावी, तसा हा प्रकार. खेळाडूंचे करार एक-दोन वर्षांचे असतात आणि पायातला जोर फार तर दहा-बारा वर्षांचा. एक हंगाम वाया गेला की चोवीस वर्षांच्या पोराचं काय जातं, ते क्लबच्या हिशेबात दिसत नाही.

मडगाव सोडायच्या आदल्या रात्री भाच्याने विचारलं, "काय मामू, समजावलं का?" मी पोराला फक्त एवढंच विचारलं होतं, की गुडघा दुखावला तर काय करशील. तो म्हणाला, "दादा, समीर सर पण आता खेळत नाहीत. शिकवतात ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी भाच्याशी तडजोड झाली ती अशी: दहावीची परीक्षा द्यायची, सकाळचा सराव चालू ठेवायचा आणि अकादमीच्या निवड चाचणीला दोन वेळा बसायचं. दोन का? काकांनी डेम्पोला दोनच वर्षं दिली होती, म्हणून.