कोड कोणाच्या फोनवर गेला?

एप्रिलमधल्या एका दुपारी मी नागपुरातल्या एका दवाखान्याच्या काउंटरवर उभी होते. बाबांची अँजिओप्लास्टी ठरली होती आणि काउंटरवरची मुलगी आरोग्य विम्याची पॉलिसी मागत होती. पॉलिसी होती. बाबांनी ती एजंटाकडून काढली होती आणि तिची प्रत त्यांच्या ईमेलवर आली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. अडचण एवढीच, की बाबांनी त्याच महिन्यात नवा फोन घेतला होता आणि त्यात मेल उघडत नव्हता.

"बाबा, पासवर्ड काय होता?"

"मले कधी लागलाच नाई बाप्पा तो. जुन्या फोनमंदी आपोआप उघडे."

'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं, की एका मोबाइल नंबरवर कोड पाठवतो. नंबरचे फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते. ते दोन आकडे आमच्या घरातल्या कोणाच्याच नंबरचे नव्हते.

शेवटी माझ्या कार्डावरून पैसे भरले, संध्याकाळी एजंटाने पॉलिसीची प्रत पाठवली आणि पुढचं सगळं नीट झालं. बाबा आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी बगिच्यात चक्कर मारून येतात. पण ते दोन आकडे काही माझ्या डोक्यातून जाईनात.

दोन दिवसांनी उलगडा झाला. २०१२ साली माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना पालकांचा ईमेल मागितला होता. बाबा पांढुर्ण्यातल्या एका ऑनलाइनच्या दुकानात गेले, दुकानदाराने पाच मिनिटांत ईमेल काढून चिठ्ठीवर लिहून दिला. मोबाइल नंबर टाकायची वेळ आली तेव्हा त्याने सरळ स्वतःचा टाकला. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. गिऱ्हाइकाला फोन काढायला लावा, मेसेज कुठे येतो ते शोधायला लावा, यापेक्षा आपला नंबर टाकणं सोपं. अशा किती जणांच्या मेलवर त्याचा नंबर असेल, त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. पुढे त्याने ते सिम बंद केलं. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस तसाच ठेवतात आणि मग नव्या ग्राहकाला देतात. म्हणजे दवाखान्यात मी मागितलेला कोड कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडला असणार. त्याने तो पाहून पुसूनही टाकला असेल.

हे सगळ्यांना सांगावंसं वाटलं, कारण आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांची गोष्ट हीच आहे. मुलं भोपाळ, इंदूर, पुणे, बंगलोर किंवा त्याहून लांब, आईवडील गावी, आणि आईवडिलांचा ईमेल कोणीतरी कधीतरी काढून दिलेला. आपण सगळे फसव्या लिंकची भीती घालत असतो. ती खरीच आहे. पण आमच्या घरी मेल कोणी चोरला नव्हता. तो आमच्याच हातून, थोडा थोडा करून, बाहेर गेला होता.

ईमेल ही मुळात साधी निरोपाची सोय. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला आणि पत्त्यात ते '@' चिन्ह वापरलं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, पुढच्याच वर्षी ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल आणलं. तेव्हापासून कुठल्याही संगणकावर बसून आपला मेल उघडता येऊ लागला. यांपैकी कोणीही ईमेल ही घराची किल्ली म्हणून बनवली नव्हती. ती आपोआप झाली. बँक, विमा, म्युच्युअल फंड, रेल्वेचं तिकीट, कुठेही पासवर्ड विसरला की नवा करायची लिंक मेलवर येते. ज्याच्या हातात मेल, त्याच्या हातात हळूहळू बाकी सगळं. आमच्याकडे तर २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. आता कागदोपत्री जिल्ह्याचं नाव बदलायचं म्हटलं, की जो तो 'नोंदणीकृत ईमेल' विचारतो. तो उघडत नसेल तर बसा.

भोपाळहून मी कितीदा तरी प्रयत्न केला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, हा मेल तुमचाच आहे याची खात्री पटत नाही. राग आला, पण विचार केला तर ते बरोबरच होतं. गूगल तुमचा चेहरा पाहत नाही. हा फोन नेहमीचा आहे का, ही जागा नेहमीची आहे का, हे पाहतं. भोपाळमध्ये बसून, बाबांनी कधी हात न लावलेल्या लॅपटॉपवरून त्यांचं खातं उघडू पाहणारी मी आणि एखादा चोर, यांत त्याला काय फरक दिसणार? मेल अडकला तर गावी जाऊन, घरच्या इंटरनेटवर, घरच्या जुन्याच यंत्रावरून प्रयत्न करा, हा सल्ला गूगल स्वतःही देतं. मला तो फार उशिरा कळला.

पोळ्याला घरी गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा, आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा नि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. त्या दिवशी आई कोणालाच घराबाहेर पडू देत नाही. दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात, मला तो प्रकार कधीच पटलेला नाही. पण त्यामुळे आम्ही सगळे एका छताखाली सापडतो, हेही खरं. ताई आणि भाचा आले होते, सौसरचे मामा आदल्या दिवसापासून मुक्कामी होते.

आईने कपाटातून बाबांचा जुना फोन काढला. काच तडकलेली, बॅटरी मेलेली. चार्जरला लावला, तासाभराने तो जागा झाला आणि घरच्या वायफायला चिकटला. मेलवर बोट ठेवलं. उघडला! विम्याची पॉलिसी, बँकेची पत्रं, सगळं जिथल्या तिथे. मग नव्या फोनवर पुन्हा 'पासवर्ड विसरलात?' केलं. या वेळी जुन्या फोनच्या पडद्यावर प्रश्न आला, तुम्हीच प्रयत्न करताय का? बाबांनीच 'हो' दाबलं. चार महिने अडलेलं काम दोन मिनिटांत झालं.

म्हणून आधी हे सांगते, नवा फोन घेतला की जुना लगेच बदलीत देऊन टाकू नका. नव्यात मेल उघडलाय, पासवर्ड माहीत आहे, कोड कोणत्या नंबरवर येतो ते तपासलंय, एवढं झाल्यावर मगच जुना पुसून द्या.

दुकानदाराचा नंबर काढून तिथे बाबांचा आणि माझा नंबर टाकला. एक बारीक गोष्ट, नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय दाखवू शकतं. त्यामुळे आज बदलला आणि आज सुटलो असं नाही. हे काम घाईच्या वेळेसाठी ठेवू नये.

मग खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'तुमची उपकरणं' ही यादी उघडली. बाबा म्हणाले, "माह्याजवळ त एकच फोन आहे." यादीत पाच नावं निघाली. नवा फोन, जुना फोन, भाच्याचा टॅब, ताईचा कधीकाळचा लॅपटॉप आणि एक संगणक जो कोणाचाच नव्हता. बहुतेक बाबांनी कुठल्यातरी दुकानात प्रिंट काढायला मेल उघडला आणि तसाच सोडून आले. तो संगणक आणि लॅपटॉप इथूनच साइन आउट केले, त्यासाठी ते यंत्र हातात लागत नाही. ही यादी तुम्हीही आज एकदा पाहा. आपल्या घराला दारं किती, हे घरमालकालाच ठाऊक नसतं.

बाबांचा खरा गोंधळ वेगळाच होता. "मले वाटे, मेल फोनातच रायते." ते काही अडाणी नाहीत, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय त्यांनी. पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मेल फोनात नसतो, कंपनीच्या संगणकावर असतो. फोन, टॅब, लॅपटॉप या त्याच खोलीच्या खिडक्या. एका खिडकीतून वाचला की सगळीकडे वाचलेला दिसतो. एका खिडकीतून पुसला की सगळीकडून जातो. मागे भाच्याने टॅबमध्ये गेमसाठी जागा करायला म्हणून आजोबांचे मेल धडाधड पुसले होते. त्याला वाटलं टॅबमधलेच जातील. जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात, म्हणून त्या वेळी वाचले. यंत्रात जागा हवी असेल तर मेल पुसायचे नाहीत, टॅबवरून ते खातंच काढून टाकायचं. खातं काढलं तरी मेलला धक्का लागत नाही. भाच्याच्या टॅबवरून ते काढलंच.

हे ऐकून मामांची ट्यूब पेटली. मामांचा सौसरला संत्र्याचा व्यापार. त्यांच्या दुकानातल्या संगणकावर मेल येत, पण फोनवर कधी दिसत नसत, आणि तो संगणक बसला तेव्हा सहा वर्षांची पत्रं गेली. मामा इतकी वर्षं फोनला दोष देत होते. कारण होतं पॉप ही १९८४ सालची पद्धत. ती मेल कंपनीच्या संगणकावरून आपल्या यंत्रावर उतरवून घेते आणि वेगळं सांगितलं नाही तर बऱ्याचदा तिथून काढूनही टाकते. पोस्टातून टपाल घरी आणावं तसं. एकच संगणक असायचा तेव्हा ते ठीक होतं. दुसरी पद्धत आयमॅप, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केलेली. तीत टपाल तिथेच राहतं, आपण फक्त पाहतो. दोनहून जास्त यंत्रं असतील तर खातं जोडताना आयमॅपच निवडा. मामांचा नवा संगणक मी तसा जोडून दिला. गेलेली सहा वर्षं काही परत आली नाहीत.

पासवर्डचं म्हणाल तर बाबांचा पासवर्ड त्यांचं नाव आणि १२३ असा निघाला, आणि तोच वीजबिलापासून तिकिटापर्यंत सगळीकडे. २०१३ मध्ये याहूची जवळजवळ ३०० कोटी खाती फुटली. एका ठिकाणचा पासवर्ड बाहेर पडला की चोर तोच मेलवर लावून पाहतात. म्हणून मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ. तो अवघड असण्यापेक्षा लांब असलेला बरा. बाबांनी एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार शब्द निवडले. त्यात संत्रं नाही, गोटमार नाही, नातवाचं नाव नाही. दर महिन्याला बदलायची गरज नाही. २०१७ पासून अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्थाही हेच सांगते. सतत बदलायला लावलं की माणसं १२३ चं १२४ करतात.

त्यावर दुहेरी पडताळणी लावली. ती लावताना दहा राखीव कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालणारा. फोन हरवला, सिम बंद पडलं तरी त्यांनी खातं उघडतं. ते फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही, फोनच हरवला तर काय! आम्ही ते कागदावर उतरवून खसरा आणि ऋणपुस्तिका ठेवतात त्या पिशवीत ठेवले. आमच्या घरात ती पिशवी कधीच हरवत नाही.

जुन्या जाहिरातींच्या ढिगाचं थोडक्यात सांगते. जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी फुकट, तेवढं भरलं की नवे मेल येणंच थांबतं. एकेक पुसत बसू नका, मोठ्या जोडपत्रांचे मेल शोधून आधी ते काढा आणि जाहिरातींना 'अनसबस्क्राइब' करा. मात्र अनोळखी माणसाच्या मेलमध्ये हे बटणही दाबायचं नाही, तो सरळ स्पॅममध्ये ढकलायचा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन, लाज न बाळगता.

आणखी एक काम बाबांनी स्वतःहून विचारलं. "मी नसलो त हे सारं कोण पाह्यल?" आई लगेच "काहीतरीच बोलता!" म्हणाली, पण प्रश्न रास्त होता. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती पुसायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. खातं ठराविक महिने वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे आधीच नेमून ठेवता येतं. बाबांनी तिथे ताईचं आणि माझं नाव टाकलं. नॉमिनी नेमावा तसं.

तोवर नदीकडचा गलका थांबला होता. मामा निघायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "सगळ्यांचं झालं. माझा मेल कोण पाहणार? तो तर तूच काढून दिला होता."

मोठ्या ऐटीत मी तिचं खातं उघडलं आणि कोड कोणत्या नंबरवर जातो ते पाहिलं. शेवटचे दोन आकडे पाहून ओळखीचे वाटले. माझ्या नागपूरच्या होस्टेलच्या दिवसांतलं सिम होतं ते. मी केव्हाच फेकून दिलेलं.