बॅटरी बदलण्यापूर्वी व्होल्ट मोजा

बाजाराचा दिवस, पहाटेची वेळ, टेम्पोत कापडाचे गठ्ठे भरलेले, आणि सेल्फ मारला तर नुसता टकटक आवाज! अशा वेळी आपले व्यापारी बंधू धावत जाऊन नवी बॅटरी आणतात. पुष्कळदा दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये असतो. मग नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरते आणि दुहेरी नुकसान होते. हे टाळायला तीन मोजण्या पुरेशा आहेत.

पहिली मोजणी सकाळी, गाडी रात्रभर बंद राहिल्यावर. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल तार अधिक व काळी तार उणे टर्मिनलला लावावी. बॅटरीत सहा सेल असतात; भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा, म्हणजे जास्त येतो.

दुसरी मोजणी सेल्फ मारताना. भरलेली बॅटरी असूनही आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर झाली असे समजावे.

तिसरी मोजणी इंजिन चालू असताना. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. दिवे लावल्यावर आकडा १२.५ वर येऊन उतरतच राहिला, तर अल्टरनेटर चार्ज करीत नाही. पट्टा सैल आहे का, टर्मिनलवर क्षार चढला आहे का, ब्रश झिजले आहेत का, हे आधी पाहावे. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीतले पाणी आटून ती अकाली जाते.

काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तेथे एका आकड्यावरून निर्णय घेऊ नये. २४ व्होल्टच्या ट्रकसाठी हेच आकडे दुप्पट धरावेत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून विडी-सिगारेट दूर ठेवावी.

साध्या मीटरची किंमत नव्या बॅटरीपुढे किरकोळ आहे. कापड आपण मोजल्याशिवाय घेत नाही. मग बॅटरीच न मोजता का बदलावी?