उंच जीप घेताय? आधी खाली वाका!

जुनी जीप घेताना तिच्या उंचीवर भाळू नका. खाली वाकून पाहा. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा आहे का? पाट्याची शॅकल नेहमीपेक्षा लांब आहे का? तसे असेल, तर गाडी मुद्दाम उचललेली असू शकते. ठोकळा पुढच्या एक्सलवर असेल, तर सौदाच मोडा. जोराचा ब्रेक लागताच तो सरकू शकतो. ब्रेकची रबरी नळी ताणलेली नाही ना, तेही तपासा. गाडी उंच झाली, की भार वर जातो आणि वळणावर ती लवकर कलंडते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही. चिखलातून जीप निघेलही. पण मागे बसलेली लेकरे घाट उतरून सुखरूप घरी यायला हवीत ना?