मधली वर्षे रिकामी नसतात

"पास होऊन चार वर्षे झाली, इतके दिवस काय केलंस?" नांदेड-लातूरला मुलाखतीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा प्रश्न नवा नाही. उत्तर देताना मान खाली जाते आणि साहेब काय ते समजून घेतात : घरीच बसून होता!

बेकाराकडे असे संशयाने पाहणे सगळीकडे आहे. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी नोकऱ्यांसाठी सुमारे १२ हजार काल्पनिक अर्ज पाठवले. बेकारीचे महिने वाढले तशी बोलावणी कमी झाली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्यात आडनावाची भर. शिक्षण सारखे असूनही दलित आडनावाच्या अर्जाला खाजगी कंपन्या कमी बोलावतात, हे मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली दाखवून दिले.

बाबासाहेबांनाही हे दिवस चुकले नाहीत. १९१७ साली जातीच्या छळापायी बडोद्याची नोकरी सुटली. सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले नोव्हेंबर १९१८ मध्ये. मधल्या काळात त्यांनी शिकवण्या घेऊन संसार चालवला. त्या महिन्यांना रिकामे कोण म्हणेल?

तेव्हा मुलांनो, बिगारी, रंगकाम, ऊसतोड, शिकवणी, जे केले ते साल-महिन्यासह अर्जात लिहा. ते कामच आहे. आणि आईबापांनो, 'रिकामटेकडा' हा शब्द घरात उच्चारू नका. बाहेरचे म्हणतातच, निदान घराने तरी म्हणू नये.