साठ हजाराची पुडी आणि कॅन्सर

भारतातून अमेरिकेला परतणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत मेतकूट-भाजणीच्या शेजारी हल्ली व्हिटॅमिन डीच्या पुड्या असतात. एका पुडीत ६०,००० युनिट, आठवड्याला एक, दुधातून. कमतरता आहे म्हणून डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी दिली असेल तर बोलायचं कारणच नाही. पण पुडीबरोबर ‘घेत राहा गं, कॅन्सर होत नाही म्हणे’ हा सल्लाही येतो. तो मात्र तपासून घ्यावा.

समज अगदीच बिनबुडाचा नाही. १९८० साली सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड या भावांनी अमेरिकेच्या नकाशावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू पाहिले. भरपूर उन्हाच्या नैर्ऋत्येकडे ते कमी होते, ईशान्येकडे जास्त. ऊन म्हणजे ड जीवनसत्त्व, अशी संगती त्यांनी लावली. पुढच्याच वर्षी जपानमध्ये उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशी ‘ड’च्या सक्रिय रूपामुळे प्रौढ पेशींसारख्या वागू लागल्या. स्टॅनफर्डमध्ये मेलानोमाच्या पेशींची वाढ मंदावली.

असं का झालं, हे कळायला आधी एक जुना गैरसमज सोडावा लागतो. ‘ड’ हे नावापुरतंच जीवनसत्त्व, काम हार्मोनचं. ते त्वचेत उन्हाने तयार होतं, यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन सक्रिय होतं. हे सक्रिय रूप पेशीत शिरून ‘व्हीडीआर’ नावाच्या ग्राहकाला चिकटतं. तो ग्राहक ‘आरएक्सआर’ या जोडीदाराला घेऊन थेट डीएनएवर बसतो आणि काही जनुकं चालू-बंद करतो. त्यातलंच एक पी-२१. पेशीविभाजनाला ब्रेक लावणारं प्रथिन त्यावरून बनतं. म्हणजे कर्करोगाच्या पेशीला ‘ड’चा निरोप पोचतो, हे खरं.

प्रयोगशाळेच्या बशीत थांबलेली पेशी शरीरातही थांबेल, हा त्यापुढचा गैरसमज. बशीत ओतलेलं प्रमाण रक्तात आणायला गेलं तर कॅल्शियम धोक्याच्या पातळीला जातं. शिवाय कित्येक गाठी ‘ड’ मोडून टाकणारं एन्झाइम जास्त बनवतात. निरोप आला की फाडून टाकायचा, असला प्रकार. प्रोस्टेटच्या प्रगत कर्करोगात केमोथेरपीबरोबर सक्रिय ‘ड’ देऊन पाहणारी एक मोठी चाचणी २००७ मध्ये मधेच थांबवावी लागली. ते घेणाऱ्या गटातच मृत्यू जास्त होत होते.

‘पण कॅन्सरच्या पेशंटमध्ये डी कमीच निघतं ना?’ निघतं. आजारी माणूस उन्हात कमी जातो, आणि लठ्ठपणात रक्तातली पातळी खाली असते. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एका रक्ततपासणीवरून ठरत नाही.

ते ठरवायला चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या जोॲन मॅन्सन यांच्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ माणसं होती. निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाचेक वर्षांनी, २०१८ मध्ये, आकडे जाहीर झाले. ‘ड’ घेणाऱ्यांत ७९३ जणांना कर्करोग, पोकळ गोळीवाल्यांत ८२४. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. कर्करोगाने झालेले मृत्यू १५४ आणि १८७. हा फरक जरा डोळ्यांत भरतो, पहिली दोन वर्षं वगळली तर आणखीच, आणि संशोधक अजून त्यामागे आहेत. मला स्वतःला हा धागा सर्वांत रंजक वाटतो. पण त्यावरून कर्करोग टळतो असं कोणी म्हणालं, तर ती थाप समजावी.

आपल्या सावळ्या कातडीला ‘ड’ बनवायला ऊन जास्त वेळ लागतं. बॉस्टनच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हात तर ते जवळपास बनतच नाही, आणि खिडकीच्या काचेमागे बसून कधीच नाही. तेव्हा हाडांसाठी गोळी लागू शकते. प्रमाण मात्र बघा. सत्तरीपर्यंतच्या प्रौढांना अमेरिकेतली शिफारस रोज ६०० युनिटची, वरची मर्यादा ४,००० ची. आठवड्याच्या पुडीला सातने भागलं की रोजचे साडेआठ हजार होतात.

गार्लंड भावांच्या नकाशावरचा तो आतड्याचा कर्करोग मात्र खरोखर टाळता येतो. कोलोनोस्कोपीत सापडलेली गाठ कर्करोग होण्याआधीच काढून टाकतात. इथे २०२१ पासून ही तपासणी ४५ व्या वर्षीच सुरू करायला सांगतात. पंचेचाळिशी उलटली असेल आणि ती राहिली असेल, तर या आठवड्यात फोन करून तारीख घ्या.