ज्याचें औषध त्याला

अपस्मारावर, म्हणजे फेपऱ्यावर, कार्बामाझेपिन नांवाचें एक जुनें औषध आहे. असंख्य रोग्यांचे झटके त्यानें आटोक्यांत आणले आहेत. परंतु क्वचित् एखाद्या रोग्यावर तें उलटतें. पहिल्या कांहीं आठवड्यांतच ताप येतो, तोंड व डोळे सोलवटतात, अंगावर फोड उठतात आणि भाजल्याप्रमाणें कातडी सुटूं लागते. स्टीव्हन्स-जॉन्सन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या विकारांत कित्येकदां प्राणही जातो. गोळी तीच, मात्रा तीच. मग एकाला अमृत आणि दुसऱ्याला विष असें कां व्हावें?

याचें उत्तर पुष्कळ अंशीं रोग्याच्या पेशींत लिहिलेलें असतें. तेथील लिपींत रासायनिक अक्षरें चारच आहेत. पण मजकूर सुमारें ३ अब्ज अक्षरांचा आहे. या मजकुराला जीनोम म्हणतात. त्याची प्रमाण प्रत वाचण्याचें काम १९९० सालीं सुरू झालें आणि २००३ सालीं जवळजवळ पुरें झालें.

आज कोणाही रोग्याचा जीनोम वाचतां येतो. परंतु यंत्रें तो बहुधा सलग वाचीत नाहींत. शें-दीडशें अक्षरांचे कोट्यवधि तुकडे तीं पुढें टाकतात. एकाच पोथीच्या तीस प्रती फाडून त्यांच्या चिंध्या एकत्र मिसळाव्या, तशी ही रास असते. संगणक प्रत्येक तुकडा प्रमाण प्रतीशीं ताडून आपल्या जागीं बसवितो आणि फरक टिपून ठेवतो. असे फरक एकेका माणसांत चाळीस-पन्नास लाख निघतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. घातक कोणता हें एकट्या माणसाच्या जीनोमवरून कळत नाहीं. त्यासाठीं अनेक रोगी व निरोगी माणसांचे जीनोम शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे लागतात.

अशीच तुलना तैवानांत झाली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील संशोधनांत या औषधानें कातडी सुटलेल्या ४४ रोग्यांपैकीं सर्वच्या सर्व ४४ जणांत एचएलए-बी या जनुकाचा १५:०२ हा प्रकार आढळला. औषध सुखरूप पचलेल्या १०१ जणांत तो अवघ्या तिघांत होता. पुढें तैवानांतच ४,८७७ रोग्यांचें रक्त औषध देण्यापूर्वीं तपासण्यांत आलें. ज्यांच्यांत हा प्रकार निघाला त्यांना तें औषध दिलें नाहीं. पूर्वींच्या अनुभवाप्रमाणें एवढ्या रोग्यांत सुमारें दहा जणांना हा विकार व्हावयाचा. प्रत्यक्षांत एकालाही झाला नाहीं. हा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. नेमकी चिकित्सा म्हणतात ती हीच.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. युरोपीय वंशाच्या लोकांत १५:०२ हा प्रकार अत्यंत विरळा. त्यांच्यांत या औषधाच्या उपद्रवाशीं एचएलए-ए जनुकाच्या ३१:०१ या निराळ्याच प्रकाराचा संबंध दिसला. म्हणजे तैवानची कसोटी युरोपांत निरुपयोगी, आणि युरोपची कसोटी तैवानांत अपुरी! संगणक कितीही चपळ असला तरी त्याच्यापुढें ज्यांचे जीनोम ठेवले, त्यांच्याविषयींच तो खात्रीनें बोलूं शकतो. आजवरच्या अशा अभ्यासांत मोठा भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. इतरांच्या जीनोममधला एखादा फरक घातक कीं निरुपद्रवी, हें ठरविण्यास त्यामुळें आधार तोकडा पडतो.

पिढ्यान् पिढ्या जातींतल्या जातींत विवाह होत आलेल्या भारतांत ही उणीव अधिकच जाणवते. ती भरून काढण्यासाठीं ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पांत देशांतील निरनिराळ्या समूहांच्या सुमारें १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचण्यांत आले. ही सामग्री फरीदाबाद येथील केंद्रांत असून जानेवारी २०२५ मध्यें ती संशोधकांना खुली झाली.

अर्थात् अशी कसोटी हें भविष्य नव्हे. १५:०२ हा प्रकार असलेल्या बहुतेकांना औषधानें कांहींच होत नाहीं. कसोटी केवळ धोका कोठें अधिक आहे हें दाखविते आणि निर्णय वैद्यालाच करावा लागतो. ‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ ही म्हण मराठी घरांत जुनीच आहे. त्या प्रकृतींतील भेद औषधाची पहिली गोळी पोटांत जाण्यापूर्वीं ओळखतां यावा, एवढ्यासाठीं ही सारी गणना.