योजनेत बसतं का?

दुचाकीवरून पडलेला माणूस कधी कधी लगेच उठून बसतो, नाव सांगतो, पाणी मागतो. तासाभराने बडबडू लागतो, मग हाक मारली तरी ओ देत नाही. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असतं. सीटी स्कॅनमध्ये ते स्पष्ट दिसतं. वेळेत कवटी उघडून गोळा काढला तर असा माणूस काही दिवसांत चालत घरी जातो. उशीर झाला तर मेंदू दाबला जातो. म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्याबाहेर उभ्या नातेवाइकांचे दोन प्रश्न एकाच श्वासात येतात: मेंदूचा सर्जन कुठं आहे, आणि योजनेत बसतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर तरी सोपं झालं आहे. महाराष्ट्र सरकारच्या 1997च्या जीवनदायी योजनेत हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगाच्या जोडीला मेंदू व मज्जारज्जूचे आजार होते. 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि 2017 मध्ये ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 1 जुलै 2024 पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे पैशाची सोय झाली. सर्जनची झाली का?

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘योजना घेणारा डॉक्टर’ असा कुणी नसतो. करार रुग्णालयाशी असतो, तोही विशेषज्ञतेनुसार. हाडांच्या शस्त्रक्रिया योजनेत करणाऱ्या रुग्णालयात न्यूरोसर्जरी योजनेत असेलच असं नाही. तोच सर्जन सकाळी योजनेतल्या रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया करतो आणि संध्याकाळी दुसरीकडे रोख बिलावर, यात बेकायदा काही नाही. शिवाय काही शस्त्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. डॉक्टरांची नावं शोधत फिरण्यापेक्षा आजाराचा कागद घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, जाणं म्हणूनच शहाणपणाचं. (आणि गोळ्या देणारा न्यूरोफिजिशियन वेगळा, ऑपरेशन करणारा न्यूरोसर्जन वेगळा. या घोळातही अर्धा दिवस जातो.)

सर्जन मोजके का, याचं उत्तर शिक्षणात आहे. एमबीबीएस, मग एमएस, मग तीन वर्षांचं एमसीएच. एवढं करून आलेल्या माणसाला मायक्रोस्कोप लागतो, मेंदूच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेला भूलतज्ज्ञ लागतो, व्हेंटिलेटरचा अतिदक्षता विभाग लागतो. हे सगळं मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत गोळा झालं आहे. सिंधुदुर्गातला रुग्ण त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजने 2018 मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले, ते याच असहायतेतून.

खासगी रुग्णालयांची तक्रार ठरलेली: पॅकेजची रक्कम अपुरी, गुंतागुंत होऊन मुक्काम लांबला की हिशोब बसत नाही, पैसे उशिरा येतात. तक्रारीत तथ्य आहे. पण दारावर योजनेचा फलक लावायचा आणि आत ‘न्यूरोचे बेड भरलेत’ म्हणायचं, याला तोट्याचं कारण पुरत नाही. करार नको असेल तर फलक काढावा.

मध्यमवर्गाचा एक गैरसमजही इथेच नोंदवायला हवा. सरकारी-महापालिकेचं म्हणजे दुय्यम, हा समज न्यूरोसर्जरीत टिकत नाही. मानेचे वरचे दोन मणके स्क्रू व पट्टीने जोडण्याचं जे तंत्र आज जगभर न्यूरोसर्जन अतुल गोयल यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यावरचा निबंध 1994 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते काम परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात झालं. केईएम, जेजे, शीव, ससून, नागपूर इथे प्रश्न कौशल्याचा नाही, रांगेचा आहे. गाठ किंवा मणक्याचा त्रास असेल तर बहुधा रांगेत थांबता येतं, पूर्वमंजुरीचीही वाट पाहता येते. डोक्याच्या गंभीर इजेला थांबता येत नाही. तातडीच्या रुग्णाला दाखल करून घेऊन फोनवर मंजुरी मागण्याची तरतूद आहे; कागद नंतर देता येतात. रस्ते अपघातासाठी केंद्राने 5 मे 2025 रोजी वेगळी योजना अधिसूचित केली: निर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार.

जन आरोग्य योजनेचा मदत क्रमांक 155388 आहे. तिथे ‘रुग्णालय योजनेत आहे का’ एवढंच विचारू नका. न्यूरोसर्जरी योजनेत आहे का, आत्ता सर्जन आहे का, व्हेंटिलेटरचा बेड रिकामा आहे का, असं विचारा. आणि सरकारकडे एकच मागणी लावून धरायला हवी: संलग्न रुग्णालयांच्या यादीशेजारी, आज रात्री न्यूरोसर्जन कुठे हजर आहे, हे जिल्हावार रोज जाहीर करा.